कोपी मोडायच्या आधी

दत्तू गेल्याचा फोन आला तेव्हा बीडच्या स्टँडवर मी चहावाल्याला कपिलधारच्या धबधब्यात पाहिलेल्या मगरीची गोष्ट सांगत होतो. मगर अर्धवटच राहिली... दत्तू असता तर म्हणाला असता, "आधी दाखव बे, मग सांग."

हा माझा शिरूर कासारचा दोस्त, बीडात संगणकाचा क्लास चालवायचा. त्याला एक खोड होती. जगभरची पोरं इंटरनेटवरच्या ज्या मार्गदर्शिका वाचून शिकतात, त्यांतली प्रत्येक कमांड तो कोऱ्या मशीनवर स्वतः चालवून बघायचा आणि चूक सापडली की त्या लिहिणाऱ्या कंपनीशी भांडायचा. "तुला अमेरिकेनं मुकादम नेमलंय का रे?" मी विचारायचो. तो म्हणायचा, "नैवेद्य चाखत न्हाईत, तशी ही लोकं न चालवताच कमांड लिवत्यात. देवाचं पोट बिघडत न्हाई, पोरांचं बिघडतं."

सगळ्यात मोठं भांडण कंटेनरच्या एका उदाहरणावरून झालं. कंटेनर म्हणजे संगणकातली ऊसतोडीची कोपी, फडावरची तात्पुरती झोपडी, असं तो शिकवायचा. त्याचं बालपणच कोप्यांत गेलेलं. काम संपलं की कोपी मोडायची, पण आधी सामान बाहेर काढायचं. त्या उदाहरणात सामान बाहेर ठेवायची सोयच नव्हती, थेट मोडायची कमांड! क्लासातल्या एका पोरीनं ती जशीच्या तशी चालवली आणि तिचं वर्षभराचं काम पुसलं गेलं. पोर पुन्हा क्लासला आलीच नाही. दत्तूनं दुरुस्ती पाठवली. उत्तर आलं, 'वाचणाऱ्याला एवढं कळतंच.' तो असा भडकला की बिंदुसरा नदीचं पाणी उकळलं असतं. पाणी असतं तर. त्यानं परत पाठवली, परत परत पाठवली. पुढं उत्तरंही थांबली. "एवढी एक झाली पायजे," म्हणायचा. आणि एका सकाळी क्लासचं शटर उघडता उघडता खाली बसला, तो उठलाच नाही.

तेराव्यानंतर काही दिवसांनी वहिनींनी मला बोलावलं. त्याच्या कॉम्प्युटरवर कंपनीचा आपोआप सुटलेला मेल आला होता. 'आपल्याकडून बरेच दिवस प्रतिसाद नाही. सबब हा विषय बंद करत आहोत.'

"काय म्हनत्यात?" वहिनींनी विचारलं.

जन्मभर थापा मारल्या मी. 'घेतली बघा दुरुस्ती, नावासकट छापली,' एवढी एकच थाप मारायची होती... जीभ उचलली नाही. खरं ते वाचून दाखवलं.

वहिनींनी खुर्ची माझ्याकडं सरकवली. मग म्हणाल्या, "भावजी, लिवा त्यास्नी. मानूस गेलाय. चूक हाय तिथंच हाय."

त्यांच्याच शब्दांत लिहिलं. रोज सकाळी वहिनी तो कॉम्प्युटर पुसून चालू करतात. उत्तर आलेलं नाही.