ऑपरेटर बदलून बघ

उद्धवराव चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला होते तेव्हा ऑपरेटर लोक त्यांच्याकडे जरा दबकतच यायचे. मशिन मध्येच धक्के देतंय अशी तक्रार आली की पान्याला हात लावायच्या आधी उद्धवराव एकच गोष्ट सांगायचे, "आधी ऑपरेटर बदलून बघ." दुसऱ्याच्या हातात मशिन नीट चाललं तर दोष हाताचा, त्याच्याही हातात अडखळलं तर दोष मशिनचा. बहुतेक वेळा हाताचाच निघायचा, आणि मग त्या बिचाऱ्याची अख्ख्या शॉपमध्ये शोभा व्हायची. त्यात उद्धवरावांना थोडी मजाही वाटायची, खोटं कशाला बोला.

रिटायर झाल्यावर या गृहस्थाने कासारवाडीतल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत चक्क रेल्वे टाकली. खेळण्यातली, पण खेळणं म्हटलं तर त्यांना राग यायचा. लातूर जिल्ह्यातल्या औशाकडच्या त्यांच्या गावाला लहानपणी रेल्वे नव्हती, आणि नोकरीसाठी इकडे आले तर घर मिळालं ते रुळांना लागून. खिडकीतून लोणावळ्याच्या लोकल बघत त्यांची उमेदीची वर्षं गेली, तेव्हा म्हातारपणी हे होणारच होतं. मोठ्या प्लायवर रूळ बसवले, आइस्क्रीमच्या काड्यांचा पादचारी पूल केला, फलाटावर कासारवाडीची पिवळी पाटी लावली. पाहुणे आले तर झोपणार कुठं, एवढाच बायकोचा, मंजुळाबाईंचा सवाल होता. पण पुढे रुळांच्या मधलं हिरवं शेत त्यांनीच जुन्या ब्लाउजपिसाचं शिवून दिलं. दुपारी गाडीची घरघर ऐकू आली नाही तर त्यांनाच करमायचं नाही.

गाडी पळवणं सोपं असतं, खरं कसब ती थांबवण्यात. गाडीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोलरचं गोल बटण हळूहळू मागे आणायचं आणि इंजिन बरोबर पाटीखाली, जराही धक्का न देता उभं करायचं. उद्धवरावांना ते साधायचं आणि साधलं की दिवसभर त्यांचा चेहरा खुलायचा.

अलीकडे मात्र या खेळात आणखी एक गोष्ट मिसळली होती. त्यांचा उजवा हात अधूनमधून थरथरायला लागला होता. बशीवर कप वाजायचा. वाकडला राहणारी मुलगी स्वरूपा एकदा म्हणाली, "बाबा, डॉक्टरला दाखवू या का?" तर त्यांनी तिला उडवून लावलं. मनाशी मात्र त्यांनी ठरवून टाकलं होतं की गाडी पाटीखाली थांबतेय तोवर हात शाबूत आहे. हा त्यांचा एकट्याचा डॉक्टर होता आणि तो रोज दुपारी त्यांना पास करत होता.

मग त्यांनी स्वतः बनवलेला जुना कंट्रोलर जळाला. स्वरूपाने ऑनलाइन नवा मागवला, तो नेमका खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आला. आता नवी वस्तू, त्यात सण तोंडावर. पूजा झाल्याशिवाय प्लग लावायचा नाही, असं मंजुळाबाई म्हणाल्या आणि उद्धवरावांचंही तेच मत होतं. कंपनीत त्यांनी जन्मभर खंडेनवमीला मशिनना हार घातले होते. त्यांनी पाना, पक्कड, मीटर आणि कंट्रोलर पाटावर मांडले, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, नारळ फोडून पाणी शिंपडलं. संध्याकाळी ओल्या फडक्याने सगळं पुसून जागेवर ठेवलं.

दसऱ्याला गाडी सुरू केली आणि ती निघालीच मुळी उसळी मारून. बटण थोडं फिरवलं तर हलायची नाही, आणखी केसभर फिरवलं तर बाणासारखी सुटायची. फलाटाशी आणावी तर मध्येच गचका देऊन पुलापलीकडे जायची. उद्धवरावांनी रूळ खोडरबराने घासले, चाकं स्पिरिटने पुसली, वायरी बदलल्या. गाडीचं वागणं तेच.

कंपनीतला जुना जोडीदार, भोसरीचा किसन, चहाला आला होता. त्याने बघितलं आणि हात पुढे केला. "आणा हिकडं, मी फिरवून बगतो."

"नको!" उद्धवराव एवढ्या जोरात म्हणाले की किसन दचकला.

"आवो, तुमीच तर शिकवलंय आमाला. आपरेटर बदलून बगायचा."

"रूळ खराब हायेत. सोड."

किसन चहा पिऊन निघून गेला. उद्धवरावांना त्याच्याबद्दल वाईट वाटलं आणि स्वतःची लाज वाटली. पण किसनच्या हातात गाडी नीट चालली असती तर? मग पुढे विचारायला काही उरलंच नसतं. दुसऱ्यांना बिनदिक्कत सांगितलेली ती परीक्षा स्वतः द्यायची वेळ आली तेव्हा हा माणूस घाबरला होता, अगदी लहान लेकरासारखा घाबरला होता. रूळ, चाकं, वायरी सगळं करून झालं होतं, कंट्रोलर नवा होता, मग राहिलं काय? हात.

दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी इंजिन कागदात गुंडाळलं. "ही खोली मोकळी करतो," ते मंजुळाबाईंना म्हणाले, "पाहुण्यांना झोपायला होईल."

"कामून? आता कोन पाहुनं यायलंय?"

ते जेवून आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

डोळा लागतो न लागतो तोच घरघर ऐकू आली. मग गचका, मग पुन्हा घरघर. ते उठून मागच्या खोलीत गेले. मंजुळाबाई चष्मा लावून प्लायसमोर बसल्या होत्या. कागदातून काढलेलं इंजिन रुळावर होतं आणि बटण त्यांच्या हातात.

उद्धवराव दारातच थांबले. बघू नये असंही वाटत होतं आणि नजर हलत नव्हती.

मंजुळाबाईंनी बटण हळूच फिरवलं. गाडी जागची हलली नाही. आणखी थोडं फिरवलं, आणि गाडी सुसाट सुटून वळणावर रुळावरून उतरली.

"बगा की," त्या वैतागून म्हणाल्या, "माज्या हातात बी तसंच करायलंय. आन् तुमी गुमान सामान बांधायलाव!"

उद्धवरावांना इतका आनंद झाला की त्यांना खाली बसावं लागलं. "पुन्हा फिरव," ते म्हणाले. त्यांनी ते पुन्हा पुन्हा फिरवून घेतलं, आणि प्रत्येक गचक्याला ते लग्नातल्यासारखे हसत होते. मंजुळाबाईंना वाटलं, यांना झालंय तरी काय.

मग जुना मेंटेनन्सवाला जागा झाला. बारीक स्क्रू होते म्हणून स्क्रूड्रायव्हर मंजुळाबाईंनी धरला आणि ते सांगत गेले. बटण ओढून काढलं, झाकण उघडलं. बटणाच्या दांड्याभोवती आणि आत, जिथे करंट कमी-जास्त करणाऱ्या पट्टीवरून काटा सरकतो तिथे, लालपिवळा चिखल वाळून बसला होता.

"कुंकू हाय की हे," मंजुळाबाई म्हणाल्या.

उद्धवरावांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांना पाटावरची ती सकाळ आठवली. मंजुळाबाई नैवेद्य आणायला आत गेल्या होत्या. त्यांनी चिमूट उचलली, हात थरथरला, आणि कुंकू खोक्याच्या कपाळावर पडायचं ते सगळं बटणाच्या खाचेत सांडलं. हळदीचंही तेच झालं. मग वरून नारळाचं पाणी. मंजुळाबाईंना दिसू नये म्हणून त्यांनी ते तेव्हाच ओल्या फडक्याने घाईघाईने दाबून पुसलं, आणि होतं नव्हतं ते आत ढकललं.

त्यांनी बायकोला हे सगळं सांगून टाकलं. सांगताना हात थरथरत होता, तो त्यांनी या वेळी मांडीखाली लपवला नाही.

"मला ठावं हाय," मंजुळाबाई म्हणाल्या.

"पूजेचं?"

"पूजेचं न्हाई. हाताचं. सांडायला लागलं तवापासनं तुमचा कप अर्धाच भरायले मी. उरल्याला नंतर द्यायले."

अर्धा कप देऊन साखर वाचवतेय म्हणून उद्धवरावांनी तिला कितीदा टोमणे मारले होते.

कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून, ब्रशने घासून त्यांनी पट्टी लख्ख केली आणि खोकं बंद केलं. गाडी निघाली ती लोण्यावरून सरकल्यासारखी. पहिल्यांदा मंजुळाबाईंनी चालवली आणि फलाटाच्या अलीकडेच उभी केली, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. मग उद्धवरावांनी बटण हातात घेतलं. गाडी एकही गचका न देता आली, पण शेवटच्या वळणावर बोटं थरथरली आणि इंजिन पाटी ओलांडून पुढे जाऊन थांबलं. आता मात्र दोष द्यायला कंट्रोलर उरला नव्हता.

त्यांनी फोन उचलला आणि स्वरूपाला लावला. "ते डॉक्टरचं म्हणत होतीस ना," ते म्हणाले, "घे नंबर. येतो मी."

मंजुळाबाई डोळे पुसत उठल्या आणि चहा टाकते म्हणाल्या.

"टाक," उद्धवराव म्हणाले. "अर्धाच भर."