सबमरीनचा जोड

सबमरीनशी हात मिळवला की आपला हात पुसावा लागे. त्याचे तळहात बारमाही ओले, ड्रेस्डेनच्या कडाक्याच्या थंडीतसुद्धा! आणि या बाबानं पीएचडीला विषय कुठला घ्यावा? समुद्राखालून टाकलेल्या पहिल्यावहिल्या तारायंत्राच्या केबली! बारसं अर्थातच आम्ही मराठी मंडळींनी केलं.

तांब्याच्या तारेवर गटापर्चा, म्हणजे झाडाचा रबरासारखा चीक, थापायचा. त्यावर डांबरात बुडवलेला ताग, त्यावर लोखंडी तारा. जुन्या पद्धतीची अशी केबल तो आमच्या लॅबमध्ये हातानं करत होता. चीक गरम पाण्यात मऊ करायला त्यानं आमच्या फ्लॅटमधलं वरणाचं पातेलं पळवलं. मी ओरडले, तर म्हणतो, "गप गं, वरण काय रोजचंच आहे."

सगळं अडलं होतं ते दोन तुकड्यांच्या जोडापाशी. "जुन्या केबली तिथंच बिघडायच्या. चांगला जोड स्वतः करून दाखवला नाही, तर माझा प्रबंध म्हणजे नुसती बडबड," असं तो म्हणायचा. पण जोड करणाऱ्याचे हात कोरडे हवेत. घाम आत राहिला की पाण्याच्या टाकीत वीज गळते आणि मीटरचा काटा हलतो. याचा काटा दर वेळी हलायचा. मी म्हटलं, "अरे, हातमोजे घाल ना!" तर म्हणे, "तेव्हाचे कारागीर घालायचे का?" हट्टी मेला!

फेरट्राग, म्हणजे युनिव्हर्सिटीशी केलेला करार, संपत आला. पुन्हा वाढवून मिळणार नव्हता. प्रोफेसरांनी शेवटची संधी दिली. त्या दिवशी पठ्ठ्यानं आमच्या रविवारच्या कॅरमची पावडर तळहातांना चोळली. जोड दिसायला झकास झाला. टाकीत सोडला आणि काटा हललाच. प्रोफेसरांनी जोड कापला. चिकाच्या थरांमध्ये पांढरी पावडर बसली होती.

"आल्झो... शाडं," ते हळूच म्हणाले. वाईट झालं, एवढंच. मला तिथं उभं राहवेना.

तो डॉक्टर न होताच सांगलीला परतला. जाताना मला म्हणाला, "केबल पाण्यातच ठेव हं. पाण्यात माझ्या नातवंडांपर्यंत टिकेल. हवेत तडकते."

उन्हाळ्यात टाकी दुसऱ्या कुणाला तरी हवी होती. मी भांडले, पण माझं कोण ऐकतो? केबल खिडकीत पडली. हिवाळ्यापर्यंत चिकाला भेगा गेल्या, मग टवके पडायला लागले, आणि एके दिवशी सफाईवाल्यांनी ती उचलून नेली.

दिवाळीला त्याचा फोन येतो. क्लासमध्ये मुलांना फिजिक्स शिकवतो म्हणतो. मग विचारतो, "टाकीत पाणी आहे ना गं?"

"आहे रे," मी म्हणते. "काठोकाठ."