तीन कॅन गहू

पाटोद्याच्या स्टँडवरून अंबाजोगाईची गाडी सकाळी सातला सुटायची. आमचं गाव पाटोद्यापासून नऊ किलोमीटर. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या दूध संस्थेत दुधाची फॅट तपासायचे. त्यामुळे मी घर सोडलं ते संस्थेच्या टेम्पोतून, दुधाच्या कॅनच्या मध्ये पत्र्याच्या पेटीवर बसून. अकरावी सायन्सला प्रवेश मिळाला होता आणि हॉस्टेलही. आई स्टँडवर आली नाही. दारातच म्हणाली, "सारखं मागं वळून बघू नको, गाडी लागती." गाडी हलली तेव्हा अण्णा खिडकीशी आले. "कुठं कुठं थांबती ते मोजत जा," ते म्हणाले. "मोजताना रडू येत न्हाई." मी मोजलं. मांजरसुंबा, नेकनूर, केज धरून सव्वीस ठिकाणी गाडी थांबली. सव्विसावं अंबाजोगाई. तिथं मोजायला काही उरलं नाही, आणि रडू तिथं आलं.

आज मी बंगळुरूला राहते. औषधांच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये नमुने तपासते, त्याला एकोणीस वर्षं झाली. घर चौथ्या मजल्यावर आहे आणि उन्हाळ्यात आमच्या अपार्टमेंटलाही टँकर लागतो. गावातून माझ्यासारख्या निघालेल्या आणि गावातच राहिलेल्या, दोघींसाठी हे लिहिते आहे. निघाल्याचं सगळेच सांगतात. मला सुट्ट्यांचं सांगायचं आहे.

कॉलेज एप्रिलच्या मध्यावर बंद व्हायचं आणि जूनच्या मध्यावर उघडायचं. वर्षातले दहा महिने मी अंबाजोगाईची आणि दोन महिने गावची. म्हणजे गाव माझ्या वाट्याला एक षष्ठांश उरलं होतं. आठवणी मात्र त्या दोन महिन्यांच्याच जास्त आहेत. परीक्षा झालेली, निकाल लांब, पुढच्या वर्षाची पुस्तकं अजून कुणाकडून तरी मागून आणायची. दुपारी लिंबाखाली गजगे खेळायचे. पापडाच्या पिठाच्या लाट्या तेलात बुडवून खायच्या, पोट दुखेपर्यंत. गारीगारवाल्याच्या सायकलची घंटी ऐकली की डाळीचं भांडं तसंच ठेवून पळायचं. आणि सगळ्यात मोठी मौज म्हणजे कुरडयांचा चीक. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून, त्याचा जो दुधासारखा चीक निघतो तो शिजवला की चकचकीत, लुसलुशीत होतो. कुरडया घालायच्या आधी त्यातली एकेक वाटी पोरांना मिळायची, वर दूध आणि गूळ. त्या एका वाटीसाठी मी हॉस्टेलच्या खोलीत दिवस मोजलेले आहेत.

माझी मैत्रीण मंगल शेजारच्या घरातली. दहावीनंतर तिची शाळा सुटली. भाऊ लहान होते आणि घरात हात हवे होते. मी सुट्टीला आले की पहिल्या दिवशी ती मला "या कॉलेजबाई" म्हणायची आणि दुसऱ्या दिवसापासून "सुमे".

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन आले तो दुष्काळाचा दुसरा उन्हाळा होता. विहिरी आटलेल्या. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा आणि घराला सहा घागरी मिळायच्या. गल्लीतल्या बायका, माझी आई धरून, रोजगार हमीच्या पाझर तलावाच्या कामावर जायच्या. सकाळी सातला निघायच्या, सहाला परत. संस्थेत दूध निम्म्याहून खाली आलेलं. रिकामे कॅन पत्र्याच्या शेडमध्ये उपडे पडलेले असायचे. आई म्हणाली, "औंदा कुरडया न्हाईत. कुरडईला पाणी लई लागतं."

मला ते पटलं नाही. मी वहीत आकडे मांडले. एका घराच्या तीन किलो गव्हाला, भिजवण्यापासून भांडी धुण्यापर्यंत, पाच घागरी लागतात. आमच्या बाजूची घरं नऊ. वेगवेगळं केलं तर पंचेचाळीस घागरी. पण सगळ्यांचा गहू एकत्र भिजवला, एकाच जागी वाटला, भांडी एकदाच धुतली, तर तीस. म्हणजे पंधरा वाचतात. अण्णांनी चेअरमनना विचारून तीन रिकामे कॅन मिळवले.

समोरच्या गयाकाकू गल्लीत सगळ्यांत वडील. त्यांचा शब्द पडला की काम व्हायचं आणि न पडला तर व्हायचं नाही. मी वही घेऊन त्यांच्यापुढे बसले.

"अगं, कुरडया काय वहीवर वाळत्यात का?" त्या म्हणाल्या.

बायका हसल्या. मला राग आला आणि तोंडून निघून गेलं, "काकू, निम्म्या पाण्यात करून दाखवते."

वहीत तीस होते आणि पंचेचाळीसचं निम्मं साडेबावीस. हे बोलतानाही मला ठाऊक होतं. पण गयाकाकू "बघू की" म्हणाल्या, नऊ घरांतून तीन-तीन किलो गहू आला, आणि दिवसभर तिथं असणाऱ्या दोघीच होतो, मी आणि मंगल. गव्हाची जबाबदारी आमच्यावर आली.

सोमवारी प्रत्येक कॅनमध्ये नऊ किलो गहू भिजत घातला. मंगळवारी आणि बुधवारी पाणी बदलायचं होतं, एका वेळी तीन घागरी. मंगळवारी मंगल घागर घेऊन उभी राहिली तेव्हा मी म्हणाले, "थांब. दोन्ही वेळचं बदलणं वगळलं तर चोवीसात होतंय, जवळजवळ निम्म्यात."

"न बदलून कसं चालंल? आंबंल की."

"झाकण घट्ट आहे. काही होत नाही."

"सुमे, आई रोज बदलती."

"आईला पाणी मिळत होतं म्हणून बदलायची."

मंगलने घागर खाली ठेवली. मी शिकलेली होते. माझं ती ऐकायची. बुधवारी संध्याकाळी गयाकाकूंनी कामावरून येता येता विचारलं, "पाणी बदललं का गं पोरींनो?" मी "हो" म्हणाले. मंगलने माझ्याकडे पाहिलं आणि ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली.

घरी भिजवलेला गहू न्हाणीच्या गार कोपऱ्यात असतो, वर पातळ फडकं. आम्ही तो पत्र्याच्या शेडमध्ये, दुधाच्या कॅनमध्ये, घट्ट झाकण लावून, बाहेर बेचाळीस डिग्री असताना तीन दिवस ठेवला होता. रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलीने.

गुरुवारी सकाळी कामावर निघताना गयाकाकूंनी पहिलं झाकण उघडलं. आतून फुस्स आवाज आला. वास असा आला की मागच्या बायका दोन पावलं सरकल्या. त्यांनी दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. मग वळल्या त्या सरळ मंगलकडे.

"मंगे, कावून गं? एवढं एक काम सांगितलं तुला. हिनं वहीत सगळं लिहून दिल्तं, तुला घागर उचलाय जड झाली?"

मंगलने पहिलं झाकण उचलून कॅनवर परत ठेवलं.

"नऊ घरचा गहू हाय त्यो! औंदा कुणाच्या घरात जास्तीचा हाय का, सांग की!"

बायकांना कामाला उशीर होत होता. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती पण गेली. मी उभीच होते. तोंड उघडायला एवढा वेळ होता, मी नंतर कितीदा तरी मोजला आहे: गयाकाकू बोलायला लागल्यापासून वळणापलीकडे दिसेनाशा होईपर्यंत चार-पाच मिनिटं सहज. मी तेवढ्यात एक शब्द बोलले नाही. मंगल घरी निघून गेली.

दुपारी अण्णा संध्याकाळच्या दुधाच्या तयारीला शेडमध्ये आले. त्यांनी कॅनमध्ये वाकून पाहिलं, हात घालून पाणी बोटांवर चोळलं. वीस वर्षं नासलेलं दूध ओळखत आलेला माणूस.

"हे पाणी सोमवारचंच हाय," ते म्हणाले.

मी मान खाली घातली.

"फॅट कमी आली तर मी काय करतो?"

"कमी आली तशी लिहिता."

"समोर सख्खा भाऊ उभा असला तरी?"

"तरी."

"मग मला सांगू नको. जिथं सांगायचं तिथं जाऊन सांग." आणि ते फॅटच्या नळ्या धुवायला निघून गेले.

संध्याकाळी सहाला बायका आल्या त्या गहू फेकायचा की जनावरांना घालायचा ते ठरवायला. मी मंगलला तिच्या घरून बोलावून आणलं. ती येत नव्हती, हाताला धरून आणलं. सगळ्यांसमोर सांगितलं की पाणी बदललंच नाही, मंगल बदलू म्हणत होती, मीच नको म्हणाले, आणि काकूंना हो म्हणाले ते खोटं होतं. एका दमात सांगितलं. थांबले असते तर पुढचं राहिलं असतं.

गयाकाकू माझ्याकडे आल्या नाहीत. त्या मंगलपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"तुला सकाळी बोलले मी. चुकलं माय माझं."

मंगल तेव्हा रडली. सकाळपासून ती रडली नव्हती.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "अन् तू. एवढं शिकली, त्यात एक खोटं बोलाय पण शिकली. आता उभी काय राहती? घागर आण."

"काकू, गहू तर..."

"गहू आंबलाय, मेला न्हाई. तीन पाण्यानं धुवायचा, चीक दोनदा निवळायचा, वरचं आंबट पाणी काढून टाकायचं. आमच्या मायनं काय फेकून दिला अस्ता?"

त्या स्वतःच्या घरी गेल्या आणि पिण्याच्या पाण्यातली एक घागर घेऊन आल्या. टँकर परवा येणार होता. एकेक करून बाकीच्या गेल्या आणि परत आल्या. नऊ घरं, नऊ घागरी. आईने आणली ती माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी कामावर खाडा केला. नऊ पाटे शेडसमोर मांडले आणि सकाळपासून गहू वाटला. मी वहीत शेवटी लिहिलं ते आजही पाठ आहे: नीट केलं असतं तर तीस, प्रत्यक्षात तेहेतीस.

कुरडया जरा पिवळसर झाल्या. तळल्यावर मात्र नेहमीपेक्षा जास्त फुलल्या, आंबल्याने तसं का होतं ते मी पुढे वर्गात शिकले. चिकाची वाटी त्या वर्षी गुळाबरोबरच खाल्ली, दूध नव्हतं. किंचित आंबट लागत होती. पोरांनी भांडं चाटून पुसून ठेवलं.

मंगल माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी माळवदावर, घराच्या मातीच्या सपाट छतावर, वाळणाऱ्या कुरडयांवरचे कावळे हाकायला बसलो होतो, डोक्यावर एकच ओलं फडकं दोघींत. ती म्हणाली, "बाकी जाऊ दे. सकाळी तू गप कावून बसलीस तेवढं सांग."

"लाज वाटली."

"मला न्हाई वाटली व्हय?"

"वाटली असणार. माझ्यामुळे," मी म्हणाले. ती म्हणाली, "बरं," आणि कावळ्याला खडा मारला. मग आम्ही एक ओली कुरडई उचलून अर्धी अर्धी खाल्ली.

जूनमध्ये मी अंबाजोगाईला परत गेले. पुढे औरंगाबाद, पुणे, लग्न, बंगळुरू. मंगलचं लग्न गावातच झालं. त्या उन्हाळ्यानंतर गल्लीने कुरडया पुन्हा वेगवेगळ्या केल्या नाहीत, पाऊस झाला त्या वर्षीही नाहीत. काही वर्षांनी त्याचा बचत गट झाला आणि पुढे बायकांची नोंदणी केलेली संस्था. आता एक्केचाळीस सभासद आहेत आणि मंगल अध्यक्ष. गयाकाकू गेल्या, पण शेवटच्या वर्षापर्यंत शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसायच्या आणि येणाऱ्या प्रत्येक नव्या सुनेला माझी गोष्ट सांगायच्या, नावासकट. मला त्याचं सुरुवातीला वाईट वाटायचं.

आता वाटत नाही. बंगळुरूत माझ्याबद्दल लोकांचं मत चांगलं आहे. लॅबमध्ये माझी सही असली की रिपोर्ट पुन्हा तपासत नाहीत. अपार्टमेंटच्या कमिटीत टँकरच्या फेऱ्या मी बघते. हे सगळं खरं आहे आणि मी ते मिळवलेलं आहे. पण इथल्या कुणालाच माहीत नाही की मी एकदा नऊ घरांचा गहू आंबवला आणि मैत्रिणीला त्यासाठी बोलणी खाऊ दिली. गावात ते सगळ्यांना माहीत आहे आणि तरी मला जेवायला वाढतात. घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे याहून नेमकं उत्तर नाही.

माझी मुलगी इरा इंजिनिअरिंगच्या चौथ्या सेमिस्टरनंतर मागच्या मे महिन्यात पहिल्यांदा एकटी गावाला राहून आली, अकरा दिवस. इथं तिच्या सुट्टीला इंटर्नशिप म्हणतात. गावाहून तिचा फोन आला की मागे बायकांचा गलका असायचा. एकदा तिने विचारलं, "आई, तू खरंच असं केलं होतंस?" मी हो म्हटलं. यावेळी खरं.

यंदा मी रजा टाकली आहे, पंधरा दिवसांची. नोकरीत इतकी लांब रजा मी फक्त दोनदा घेतली. मंगलला फोन करून विचारलं, येताना काय आणू, मी काय काम करू.

"काय आणू नको," ती म्हणाली. "पाटा मांडून ठिवते, वाटाय बस. पाण्याचं मी बघते."