मामा आणि शेपटीवाली मंडळी

एखाद्या माणसावर लिहायचं तर लिहिणाऱ्याचा तेवढा अधिकार हवा. माझा तो नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या उत्तरांपलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

"नीट बस बे, मालक बघायलाय!"

हे मामा फोटो काढताना कुत्र्याला म्हणायचे. कधी शेळीला, कधी मांजरालाही. मालक तेव्हा दूर कुठल्यातरी कारखान्याच्या फडात ऊस तोडत असायचा.

शिरूर कासार तालुक्यातली आमची वस्ती दिवाळीनंतर रिकामी होते. ट्रॅक्टरमध्ये संसार भरून माणसं ऊसतोडीला जातात. माझे आईवडीलही जातात. पण कुत्री, मांजरं, म्हातारी शेळी यांना फडावर कोण नेणार? ती मामांकडे राहायची. मामा धनगर. वस्तीच्या कडेला त्यांची पत्र्याची खोली आणि थोडी मेंढरं. वस्तीत ते सख्खे कुणाचेच नव्हते, पण मामा सगळ्यांचे.

जाताना प्रत्येक घर आपल्या जनावराबरोबर अंगावरचा एखादा न धुतलेला कपडा ठेवून जाई. कुत्रं त्यावर झोपे. आमच्या बंड्याजवळ आईची जुनी साडी होती. फार मळली म्हणून मी एकदा ती धुवायला काढली, तर मामांनी हातातून ओढून घेतली.

"धुवू नको. वास गेला की आई गेली त्याची."

मी बीडला शिकतो. शनिवारी वस्तीवर यायचो. एकदा आईनं फोनवर विचारलं, "बंड्या कसा हाय रं?" मी म्हटलं, फोटो पाठवतो. मामांनी आपला पटका सोडला आणि बंड्याच्या डोक्याला बांधला.

"आता पाठव. म्हनावं, पोरगं सरपंच झालंय."

तिथून आमचं पेज सुरू झालं. नाव ठेवलं 'शेपटीवाली मंडळी'. गॉगल लावलेली शेळी, शाळेचा टाय घातलेली मांजर, पटकेवाला बंड्या. नटवण्याचं काम मामांचं. शिंगांना तेल लावायचे, केस विंचरायचे आणि शेवटी कपाळावर काजळाचा ठिपका. "लई लोक बघत्यात. नजर लागंल."

शेळीच्या फोटोखाली एका अनोळखी माणसानं विचारलं, किती किलो भरेल? मी ते वाचून दाखवलं. मामा भडकले. "त्याला इचार, तुझं किती भरतंय?" मी तसंच लिहिलं. त्या दिवशी सगळ्यात जास्त लोक त्यालाच हसले.

संध्याकाळी फडावरून आवाजातले निरोप यायचे. "बंडू, जेवलास का रं?" आईचा आवाज ऐकला की बंड्या फोनच्या मागं जाऊन तिला शोधायचा. मामा हसायचे आणि हसता हसता मध्येच मेंढरांकडं वळायचे. तुम्हीही असं अर्ध्यात थांबलेलं हसू कुठंतरी पाहिलं असेल.

एकदा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "पुन्यातलं कुनी बघतंय का रं?"

मामांचा मुलगा त्यांना आन्ना म्हणायचा; स्वतःच्या लग्नावरून भांडून तो पुण्याला निघून गेलेला. बरीच वर्षं झाली. मामांकडे त्याचा नंबरही नव्हता. वस्तीत हे सर्वांना ठाऊक होतं, पण त्यांच्यापुढं कुणी विषय काढत नसे.

आधी "मला नको घेऊ" म्हणणारे मामा मग जनावराच्या पाठीवर हात ठेवून बसू लागले. मनगटात चांदीचं कडं. "तेवढा हात येऊ दे."

"मामा, तोंडच येऊ द्या की."

"नको. तोंड बघून त्याला राग यायचा. हात वळखला तर वळखला."

त्यानंतर मी प्रत्येक फोटोत हात घेतला.

थंडी सरताना बंड्याच्या फोटोखाली कुणीतरी लिहिलं, "हा हात कुणाचा आहे?" मी फोन मामांसमोर धरला. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत राहिले.

"काय लिहू, मामा?"

"लिही... आन्नाचा."

ते लिहिणारा मामांचा मुलगाच निघाला. तो त्यांना घ्यायला आला तेव्हा माझी परीक्षा चालू होती. भेट झाली नाही. मेंढरं आणि वस्तीची जनावरं शेजारच्या गावच्या भाच्याकडं सोपवून, चार दिवसांत येतो असं सांगून मामा गेले. वस्ती परत आली, ज्याची त्याची जनावरं घरी गेली. बंड्या मात्र रोज सकाळी पत्र्याच्या खोलीपुढं जाऊन बसायचा. मामांचा फोन बंद लागायचा. मी एकट्यानं फोटो काढून पाहिले, पण गॉगल शेळीच्या नाकावर ठरेना.

आता दिवाळी जवळ आली. आई रोज विचारते, "मामा कवा येनार? ह्याला कुनाकडं ठेवायचं?"

परवा पेजवर मुलाचा आवाजातला निरोप आला. "दादा, आन्ना आता इकडंच राहणार. मेंढरं भाच्यालाच देऊन टाकली. वस्तीवर सांगा." मामांना जे हवं होतं ते मिळालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. तरी मी तो निरोप पुन्हा लावला. शेवटी, लांबून, मामांचा आवाज होता.

"आरं थांब, बंद करू नको. बंड्याच्या पायाला खरूज झालती, ती बरी झाली का इचार त्याला."