गणपतीपुढची आगगाडी आणि आम्हा बायकांचं वायरिंग

वायरीचे उरलेले तुकडे फेकायला माझा हात होत नाय. लागतील कधीतरी, म्हणून डब्यात टाकायचे. मग एक दिवस डब्याचं झाकणच बसेनासं होतं. आमच्या पडेगावच्या कॉलनीतल्या गणपतीचे किस्से तसेच झालेत. ज्या वर्षी आम्ही बायकांनी देखाव्यात आगगाडी पळवली, त्या एका वर्षाचेच इतके आहेत की काय सांगू! त्यातले थोडे इथं ओतते.

मी कोण, तेही सांगून टाकते. शाळा चौथीपर्यंत. पुढं सगळी उमर वाळूजच्या कारखान्यात, मोटारसायकलच्या वायरींचे जुडगे बांधायच्या लाइनवर गेली. कॉलनी मला आक्का म्हणते. माघारी काय म्हणते, तेबी मला माहीत आहे.

*

देखावा दरवर्षी पुरुषांचा, मोदक आमचे. आदल्या वर्षी त्यांनी धबधबा केला होता. तो डोंगरावर कमी अन् प्रसादाच्या टेबलावर जास्त पडला. बुंदीचं सरबत झालं!

मी भर मीटिंगमध्ये उभी राहिले. "औंदा देखावा बायकांचा. कॉलनीतल्या डॉक्टरांचा पोरगा परदेशी गेला, त्याची विजेवरची छोटी रेल्वे माळ्यावर पडून आहे. इंजिन हाय, डबे हायत, रूळ हायत. देवापुढून पळवू."

मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब हसले. "आक्का, वायरिंग म्हणजे रांगोळी नव्हे."

"रांगोळीच असती. तुमची फिसकटते, त्याला मी काय करू?"

पुरुष हसले, म्हणून भाऊसाहेब तापले. "ठीक आहे. पण दर्शनाच्या वेळेत गाडी एकदा जरी थांबली, तर पुढच्या वर्षीपासून देखाव्याचं नाव काढायचं नाय. मोदक वळायचे."

"नाय काढणार. शब्द देते!"

बाकीच्या बायका माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जसं मी त्यांची मंगळसूत्रं गहाण टाकली!

*

वायरिंगला आम्ही तिघी. मी, शेजारची नंदा अन् मागच्या गल्लीतली रुबिना. रुबिना माझ्याच लाइनवर होती. कथिल वितळवून जोड सोल्डर करताना तिचा हात असा स्थिर की वाटावं, बाई श्वासच घेत नाय.

काम साधं असतं, फक्त आळस चालत नाय. रूळ मांडलेल्या टेबलाखालून दोन जाड वायरी गोल फिरवायच्या, तो मेन रोड. रुळाच्या हरेक तुकड्यापासून बारीक वायरी खाली आणून त्यांना जोडायच्या, त्या गल्ल्या. रूळ एकमेकांत नुसते खोचले अन् त्यावर भरवसा ठेवला, की लांबच्या टोकाला गाडी तापातून उठलेल्या माणसासारखी चालते.

एका रुळाला लाल वायर, दुसऱ्याला काळी. सगळं आणून ठेवलं अन् कॉलनीतल्या कुलकर्णी काकू आल्या.

"काळी? देवापुढं? अगं, काही रीतभात?"

"काकू, ती टेबलाखाली जाणार. दिसणार नाय."

"देवाला दिसत नाही का?"

"मग त्याचा उंदीर काय गोरा आहे का?"

"तो वाहन आहे. वायर नाही!"

गेले परत दुकानात. काळी देऊन पिवळी आणली. काकूंनी ती हातात घेऊन पाहिली अन् म्हणाल्या, "हं! आता कसं हळद-कुंकू वाटतंय!"

झालं! तेव्हापासून पिवळी वायर हळद अन् लाल वायर कुंकू. रुबिना म्हणाली, "काकू, हमारे में तो दोनों नहीं लगाते. मैं क्या बोलूँ?"

"तू काही बोलू नकोस गं बाई. तू नीट चिकटव!"

*

ह्याच नावांनी एकदा अनर्थ होता होता राहिला. नंदा टेबलाखाली पालथी पडून वायर लावत होती. हातातली लाल वायर सटकली, तशी ती आतूनच ओरडली, "आक्का वो, माझं कुंकू गेलं!"

नेमका तिचा नवरा चहाची किटली घेऊन मांडवात शिरत होता. किटली तिथंच पडली.

"अगं ए! मी हाय की इथं! जित्ता हाय!"

त्या दिवशी चहा नाय मिळाला कुणाला.

*

नंदाचा एक दुर्गुण. जोड द्यायचा म्हणजे दोन वायरींना पीळ मारायचा, वरून टेप गुंडाळायची अन् हात झटकून मोकळं व्हायचं. आमच्या लाइनवर असं केलं असतं तर सुपरवायझरनं वायरीसकट बाहेर काढलं असतं. तिथं शिकवण एकच, जोड झाला की ओढून बघ. सुटला तर तो जोड नव्हताच.

मी एकेक वायर ओढत चालले. नंदाच्या चार सुटल्या. ती म्हणाली, "आक्का, तुम्ही ओढता की उपटता?"

मला आला राग. पुढची वायर अशी खस्सकन ओढली की सुटलीच नाय. रुबिनाचा जोड होता तो! पण ती वायर देखाव्यातल्या थर्माकोलच्या देवगिरी किल्ल्याच्या पोटातून गेली होती. अख्खा किल्ला बुरुजासकट माझ्या डोक्यावर आला.

मांडवाच्या दारात भाऊसाहेब उभेच होते. "लढून कुणाला घेता आला नाय म्हणतात देवगिरी. आक्कानं वायर ओढली अन् पाडला!"

मी डोक्यावरचा बुरूज काढला अन् म्हणाले, "जोड बघा की! जोड सुटला का?"

*

गणपती बसले, गाडी सुरू झाली. परत चिकटवून उभ्या केलेल्या किल्ल्याच्या बोगद्यातून निघायची, बाप्पाला वळसा घालायची, परत बोगद्यात. बघायला ही गर्दी! पण सगळे वरचंच बघत होते. खाली आम्ही वायरींची वेणी घातल्यासारखी बांधणी केली होती. कुठं एक वायर लोंबत नव्हती. ते कुणी बघायचं?

म्हणून मीच दाखवायला लागले. कोणी मोठा माणूस आला की टेबलाचा पडदा वर, "जरा वाका साहेब."

एक लई जाडजूड पाहुणे आले. मी म्हटलं वाका, तर वाकले बिचारे. मी हळद कुठून येते, कुंकू कुठं जातं, सगळं समजावलं. ते "वा! वा!" करत होते. बराच वेळ झाला तरी उठेनात. मला वाटलं, चला, एक तरी जाणकार भेटला!

मग खालून हळूच आवाज आला. "फारच सुंदर काम आहे बाई. आता दोन माणसं बोलवा अन् मला वर घ्या."

*

एक आजोबा करमाडहून आलेले. दर्शन झालं तरी हलेनात. गाडी गेली, आली, गेली, आली. शेवटी मला विचारलं, "ही करमाडला थांबत नाय का?"

"नाय आजोबा. एक्सप्रेस हाय."

"एक्सप्रेस झाली म्हणून काय झालं? क्रॉसिंगला तर थांबंल?"

"कुठंच थांबत नाय!"

"मग लोकांनी उतरायचं कसं?"

मी दिलेल्या शब्दाचं त्यांना काय सांगू? हात जोडले. "आजोबा, विसर्जनापर्यंत कुणाला उतरायचं नाय!"

*

विसर्जनाच्या आदली संध्याकाळ. गाडी एकदाही थांबली नव्हती. रांग पार रस्त्यापर्यंत. भाऊसाहेब त्यांच्या म्हाताऱ्या आईला हाताला धरून दर्शनाला आले. मी तेव्हा पाठमोरी, रांगेतल्या पोरांना मागं सारत होते. वळून पाहिलं, तर भाऊसाहेब डोळे मिटून, हात जोडून उभे. एवढं मऊ तोंड त्यांचं मी कधी बघितलं नव्हतं.

अन् गाडीकडं बघते, तर थांबलेली.

भाऊसाहेबांनी डोळे उघडले. "थांबली! आक्का, थांबली!"

मी पडदा वर केला. टेबलाखाली शिरले. रुबिना आधीच आत होती. हरेक जोड ओढला, एक सुटेना. नंदा बाहेर रडायला लागली. "आता जलमभर मोदक!"

रुबिना म्हणाली, "आक्का, नीचे सब बरोबर है. ऊपर कुछ हुआ."

वर आले. रुळांवर नजर फिरवत गेले, तर वळणावर दहाचं नाणं आडवं पडलेलं, एक कड ह्या रुळावर, दुसरी त्या रुळावर. वीज गाडीपर्यंत जाणार कशी? मधूनच माघारी! लाकडी उलथन्यानं नाणं उडवलं. गाडी शिट्टी मारून निघाली. "मोरया!" करून मांडव दणाणला.

भाऊसाहेबांनी लगबगीनं माईक घेतला. घसा साफ केला. "सर्व भाविकांना नम्र सूचना! कृपया रुळांवर नाणी टाकू नयेत. एखाद्या अडाणी माणसामुळं सगळ्या मंडळाला..."

त्यांची आई शेजारीच उभी. कानानं कमी ऐकू येतं, म्हणून बोलते मोठ्यानं. अन् माईक चालू.

"आरं, आत्ता तूच टाकलंस की! माझ्याच बटव्यातून घेऊन!"