बापूच्या डिझेलगाडीचा पिवळा दिवा

मेडिकलच्या दुकानात प्रत्येक गोष्टीला एक्स्पायरी असते. गोळ्यांना असते, सिरपला असते, बँडेजच्या पट्टीलासुद्धा असते. किश्शांना मात्र नसते. ते साठतच जातात, आणि साठायला आमच्या दुकानासमोरच्या सिमेंटच्या बाकासारखी जागा नाही!

राहुरीपासून जरा आत आमचं गाव. औषधं विकतो म्हणून गाव मला डॉक्टर म्हणतं, आणि आजवर मीही कोणाला दुरुस्त केलेलं नाही. बाकावर सकाळी तिघं ठरलेले. बापू हा बागायतदार, ऊस आणि डाळिंब. नाना हे एसटीचे रिटायर ड्रायव्हर. आणि सोपान, ज्याचं दुधाचं कलेक्शन सेंटर आहे. कोणाला कसलाही निर्णय घ्यायचा असला की तो या बाकावर येतो आणि जाताना जास्त गोंधळून जातो.

बापूच्या गाडीचंही तसंच झालं.

*

गाडीची गरज बापूला नव्हतीच. ती होती सुमनवहिनींना, म्हणजे बापूच्या बायकोला.

वहिनींचं माहेर अकोले तालुक्यात, राजूरच्याही पुढं डोंगरात. आई एकटी. नजर गेल्यात जमा, पण घर सोडून लेकीकडं यायला तयार नाही. "माझ्या भाताच्या खाचराकडं कोन बघंल?" असं विचारते. तिला खाचर दिसत नाही, तरी बघायचं असतं!

राहुरीहून एसटीनं संगमनेर, तिथून अकोले, तिथून राजूर, पुढं जीपमध्ये लटकून. वहिनी पोचेपर्यंत परतीची जीप हॉर्न वाजवत उभी. आईच्या हातचा चहा प्यायचा, तिच्या केसांना तेल लावायचं आणि निघायचं. बापूला म्हणावं, सोबत चला, मुक्काम करू, तर बापूची कधी पाण्याची पाळी, कधी सोसायटीची मीटिंग.

शेवटी दिवाळीत वहिनींनी सांगितलं, "मला दागिना नको. गाडी घ्या. आई हाय तवर मला तिच्याकडं जाता आलं पायजे."

बापू लगेच तयार झाला. सगळ्यांना कौतुक वाटलं. नंतर कळलं की त्याच आठवड्यात त्याच्या चुलतभावानं गाडी बुक केली होती.

*

मग बाकावर प्रश्न आला: पेट्रोल का डिझेल?

नानांनी हयातभर एसटी चालवलेली. त्यांना पेट्रोलचं नाव काढलं तरी राग येतो.

"पेट्रोल म्हंजी शिलाई मशीनचं तेल! त्या गाडीला आवाजच न्हाई. दारात येऊन उभी राह्यली तरी कुत्रं उठत न्हाई!"

सोपानकडं पेट्रोलची गाडी. तो म्हणाला, "नाना, आवाज ऐकायला गाडी घेत्यात का?"

"मग कशाला घेत्यात?" नानांनी विचारलं. बापूनं मान डोलावली. त्याला मुद्दा पटला होता.

मी आपलं सुचवलं, "बॅटरीवरची बघा की. आता सगळे तिकडंच चाललेत."

बापू माझ्याकडं बघतच राहिला. "डॉक्टर, आमच्या मळ्यात एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. त्यात विहिरीचा पंप चालवू का गाडी फुगवत बसू?"

मी गिऱ्हाईक आल्याचं निमित्त करून दुकानात गेलो.

*

तरी बापूचं मन पेट्रोलकडं थोडं झुकत होतं. गावातल्या गावात फिरायला पेट्रोल बरं, असं सोपाननं त्याला पटवलं होतं. आणि नेमकं तेव्हाच सोपानच्या घरी ते प्रकरण झालं.

सोपान लग्नाला गेला होता. त्याच्या थोरल्या भावाला कारखान्यावर जायचं होतं. गाडीचा काटा खाली आलेला. पंप लांब. पण घरात ट्रॅक्टरसाठी डिझेलचा कॅन कायम भरलेला! थोरल्यांनी नरसाळं लावलं आणि पेट्रोलच्या गाडीत कॅन रिकामा केला. वर पाठीमागची काच ओल्या फडक्यानं पुसूनही घेतली, म्हणजे काळजी पुरेपूर!

गाडी कारखान्याच्या गेटपर्यंत गेली आणि धक्के खात उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत बंद पडली. पुढं ट्रॉल्या, मागं ट्रॉल्या. सगळे हॉर्न वाजवायला लागले. मेकॅनिक आला, त्यानं टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि कपाळावर हात मारला.

थोरले त्याच्यावरच खेकसले, "ट्रॅक्टरला बारा वर्सं हेच घालतोय. त्याला तर कधी काय झालं न्हाई!"

दुसऱ्या दिवशी हे सगळं बाकावर आलं. सोपान मान खाली घालून बसला होता. नानांनी शांतपणे निकाल दिला:

"बघ बापू. पेट्रोलच्या गाडीला साधं डिझेल पचत न्हाई. ती तुझा संसार काय ओढनार?"

आणि बापूचं डिझेल पक्कं झालं!

*

गाडी बघायला नगरला गेलो. आमच्याकडं गाडी एकट्यानं बघायची पद्धत नाही. बापू, वहिनी, नाना, सोपान, मी, बापूच्या बहिणीचे यजमान आणि भावकीतली दोन वडीलधारी माणसं, जी न बोलावता येतात आणि न बोलावलं तर रुसतात. जीप भरून निघालो.

शोरूममधली मुलगी हुशार होती. तिनं पहिलाच प्रश्न बरोबर विचारला, "सर, महिन्याचं रनिंग किती होईल?"

बापूला हा अपमान वाटला. "लई हाय!"

"म्हणजे रोज साधारण कुठं जाणं असतं?"

रोजचं जाणं म्हणजे मळा ते आमचा बाक. पण ते सांगायचं कसं? बापू छताकडं बघायला लागला. तेवढ्यात मागून वहिनी म्हणाल्या, "अकोल्याला जायचंय. माझ्या आईकडं. महिन्यातनं एकदा जरी गेलो तरी बास."

मुलगी हसून म्हणाली, "मग मॅडम, तुम्हाला पेट्रोलही चालेल. एवढ्या कमी वापराला डिझेल घेतलं तर..."

"ते जाऊ द्या," बापू म्हणाला. "डिझेल दाखवा."

ती पुढं जे सांगणार होती ते तिथंच राहिलं. माझ्या मते त्या दिवशी शोरूममध्ये कामाचं असं तेवढंच एक वाक्य होतं आणि ते आम्ही कोणी पुरं होऊ दिलं नाही.

टेस्ट ड्राइव्हला जेवढे मावतील तेवढे बसलो आणि मावले नाहीत तेही बसले. परत आल्यावर नानांनी बॉनेटला कान लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकलं. शोरूममधले सगळे थांबले. मग नानांनी डोळे उघडले आणि त्या मुलीला एकच प्रश्न विचारला:

"ह्याला मागनं ट्रॉली जोडता येती का?"

*

गाडी आली. हार, नारळ, पेढे सगळं झालं. सीटवरचं प्लास्टिक आजही तसंच आहे. उन्हाळ्यात त्यावर बसलं की माणूस उठताना आवाज येतो.

रोज सकाळी बापू गाडी सुरू करायचा आणि चुलतभावाच्या भिंतीला लावून उभी करायचा. इंजिन चालू. स्वतः बाहेर उभा राहून दात घासायचा.

"बापू, हे काय?"

"गरम करतोय."

"इंजिन?"

"इंजिन बी!"

चुलतभावाची गाडी पेट्रोलची होती. ती बिचारी गपगुमान निघून जायची. बापूला वाटायचं, आपण जिंकलो.

मग गाडी बाकापर्यंत यायची. चालत आला असता तर बापू लवकर पोचला असता. बाकासमोर गाडी लावायची, गप्पा मारायच्या, गाडी घरी. झालं रनिंग!

आणि अकोलं? वहिनींनी विषय काढला की बापूचं ठरलेलं उत्तर, "नवी गाडी हाय. घाटात नको. जरा रुळू दे." दिवाळीची गाडी, संक्रांत झाली, शिमगा आला, गाडी रुळेना. वहिनी माझ्याकडं आईसाठी गुडघ्याचं तेल घ्यायला आल्या आणि म्हणाल्या, "पार्सलनं पाठवता यील का हो, डॉक्टर भावजी?" दारात गाडी उभी आणि आईला तेल पार्सलनं! मला त्या दिवशी बापूचा खरंच राग आला. तसं त्याला तोंडावर बोललोही. तो म्हणाला, "डॉक्टर, तुमाला गाडीतलं काय कळतं?"

*

आणि एक दिवस गाडीत पिवळा दिवा लागला.

समोरच्या काट्यांमध्ये, बारीकसा. बापू घाबरून गाडी बाकाशी घेऊन आला. आम्ही सगळे आत वाकून बघायला लागलो. सोपान म्हणाला ऑईल. मी म्हणालो बॅटरी. नाना म्हणाले, "एसटीत असले कैक दिवे लागायचे. आमी बघतच न्हवतो!" आणि त्यांनी उपाय केला. माझ्याच दुकानातली बँडेजची चिकटपट्टी मागितली आणि दिव्यावर लावली.

आजार बंद!

पण पुढच्या आठवड्यात गाडी ओढेना. मग नगरच्या सर्व्हिस सेंटरला नेली. मेकॅनिकनं आत डोकं घातलं, चिकटपट्टी बघितली, आमच्या चौघांकडं बघितलं आणि फक्त एवढंच विचारलं, "गाडी फिरवता कुठं?"

"गावातच," बापू म्हणाला.

"मग बरोबर आहे. नव्या डिझेल गाडीला धुराचा फिल्टर असतो. त्यात काजळी साठते. हायवेला गाडी लांब पळवली की ती आपोआप जळून जाते. जवळच्या जवळ फिरवली की फिल्टर तुंबतो आणि दिवा लागतो. दिवा लागला की गाडी काढायची आणि मोकळ्या रस्त्याला चांगली तासभर पळवायची."

"काम नसताना?"

"काम नसताना."

बापूनं नानांकडं बघितलं. नाना खिडकीबाहेर बघत होते.

*

आता तासभर पळवायची म्हणजे जायचं कुठं? आमच्या भागातून सरळ पडणारी जागा म्हणजे शिर्डी. गुरुवारी माझं दुकान बंद असतं, म्हणून सोबतीला मी. दिवा लागला की येणाऱ्या गुरुवारी आम्ही शिर्डीला. गेलोच आहोत तर बाहेरून हात जोडायचे, पेढे घ्यायचे, परत. बापू ते पेढे गावात वाटायचा, कारण त्याला शुगर आहे.

गावाला हे फिल्टरचं काय माहीत? गावाला दिसलं ते एवढंच की बापू गुरुवार चुकवत नाही आणि स्वतः न खाता प्रसाद वाटतो. दोन-तीन महिन्यांत लोक त्याला वाकून नमस्कार करायला लागले. सप्ताहात शाल-नारळ देऊन सत्कार झाला. चुलतभाऊ पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. महाराजांनी माईक पुढं केला, "बापू, ही ओढ कशी लागली, ते सांगा सगळ्यांना."

बापू सरळ माणूस. खोटं बोलायला जमलं नाही. म्हणाला, "माझं काय न्हाई महाराज. गाडी सांगती तवा मी जातो."

मग महाराज गहिवरून म्हणाले, "बघा! एवढं करून माणूस स्वतःकडं काहीच घेत नाही!"

आठ दिवसांत बापू मंदिर जीर्णोद्धार समितीचा अध्यक्ष झाला.

*

पण गुरुवारी शिर्डीच्या रस्त्याला गर्दी. एकदा सुट्ट्या लागून आल्या आणि आम्ही ट्रॅफिकमध्ये असे अडकलो की गाडी पळायच्या ऐवजी रांगली. घरी परतलो तरी दिवा तसाच. बापू वैतागून ओसरीवर बसला.

वहिनी आतून पाणी घेऊन आल्या. तांब्या ठेवला आणि सहज म्हणाल्या, "संगमनेरच्या पुढं रस्ता मोकळा असतो म्हनं."

दिवा लागलेला, रस्ता हवा, आणि रस्ता अकोल्याला जात होता!

त्यानंतर दिवा लागला की गाडी अकोल्याला. मीही एकदा गेलो होतो. राजूर सोडून चढ लागला, इंजिन घरघरायला लागलं आणि वरच्या वस्तीत म्हातारी आवाजाच्या अंदाजानं उठून दारात येऊन उभी. नजर नाही, पण गाडी खालच्या वळणावर असतानाच हाक मारली, "सुमे, आलीस व्हय?" आता चहा पिऊन निघायची घाई नाही. वहिनी आईला ओसरीवर उन्हाला बसवतात, डोक्याला तेल लावतात, न्हाऊ घालतात, जेवू घालतात. मुक्काम करतात. बापू खाचराच्या बांधावर जाऊन येतो आणि म्हातारीला भाताचं काय चाललंय ते सांगतो. मला ते बघून फार बरं वाटलं, हे सांगायलाच हवं.

*

परवाच गाडी सर्व्हिसिंगला नगरला नेली. बापू, वहिनी आणि मी. मेकॅनिक खुशीत होता. "बापू, चांगली बातमी! कंपनीनं नवं सॉफ्टवेअर पाठवलंय. फिल्टरही साफ करून देतो. आता गावातल्या गावात फिरवा, हा दिवा सहसा लागायचा नाही."

बापूचा चेहरा उजळला. "म्हंजी आता कुठं लांब जायला नको?"

"अजिबात नको!"

बापू चहा सांगायला टपरीवर गेला. तो रस्ता ओलांडेपर्यंत वहिनी थांबल्या. मग पदर सारखा करत मेकॅनिकच्या जवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या,

"भाऊ, बाकीचं समदं नीट करा. ऑईल बदला, ब्रेक बघा, धुऊन द्या. पर त्या दिव्याला तेवढा हात लावू नका!"