स्वयंपाकघर, रात्री: शून्य माणसं

आमची मुलुंडची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आणि मी नोकरीत नेमकं काय करते याचा शोध सगळ्या बिल्डिंगला एकदम लागला. इमारत बांधायच्या आधीच ती आतून किती तापेल, वारा कुठून जाईल, हे सांगणारं सॉफ्टवेअर आम्ही अंधेरीच्या ऑफिसात चालवतो. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात दिवसभर एक्सेलच्या रकान्यांत खोल्या, खिडक्या आणि माणसं भरायची आणि ती शीट सॉफ्टवेअरला द्यायची.

नव्या नकाशात स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडत होती, म्हणजे जिथे फक्त पाइप आणि कबुतरं राहतात तिथे. आर्किटेक्ट म्हणाला, रात्री तिथे कुणी झोपणार असेल आणि उकडणार असेल तर आकडे दाखवा, खिडकी रस्त्याकडे घेतो. आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या बायका स्वयंपाकघरात झोपतात, आजवर आईसुद्धा. मला वाटलं, हे तर डाव्या हाताचं काम.

मी सगळ्यांना भरता येईल अशी शीट बनवली. एका ओळीत एक फ्लॅट. नव्या घरात रात्री कुठल्या खोलीत किती जण झोपणार, तो आकडा ड्रॉपडाउनमधून निवडायचा. ऑफिसच्या साच्यात 'स्वयंपाकघर, रात्री' या रकान्यात शून्याशिवाय काही चालतच नव्हतं. एक टाकला की चूक म्हणून पाटी यायची. साचा बनवणाऱ्याच्या घरी बहुतेक सगळ्यांना पलंग असावेत. तो नियम मी काढून टाकला.

पण सेक्रेटरी काकांना कोण काढणार? सेलचा कोपरा धरून खाली ओढलं की आकडा आपोआप उतरतो, हे त्यांना नुकतंच कळलं होतं आणि तेव्हापासून ते दिसेल ते ओढत होते. आपल्या ओळीत त्यांनी शून्य टाकलं आणि लोकांचे कष्ट वाचावेत म्हणून थेट शेवटच्या फ्लॅटपर्यंत ओढलं. सगळी बिल्डिंग एका फटक्यात पलंगावर. मला वाटलं, लोक दुरुस्त करतील. कसलं काय! फ्लॅट नंबर समोर दिसत असताना कोण खरं लिहील? उलट ग्रुपवर काकांना अंगठे आले.

आमचं शून्य मात्र खरं होतं. नव्या घरात मोठी खोली दादा आणि होणाऱ्या वहिनीला, बाबा हॉलमध्ये, आणि लहान खोलीत मी आणि आई. तिला एकदाचा पलंग मिळणार म्हणून मीच जास्त खूश होते. मी तिला म्हटलं, बाकीच्या बायकांना जरा समजाव गं. तर म्हणे घरोघर लग्नाची मुलं आहेत, स्थळांना कळलं तर? शून्य माणसांना सॉफ्टवेअर वारा देत नाही, हे मी सांगून पाहिलं. त्यावर तिने विचारलं की तुझं सॉफ्टवेअर मुली देणार आहे का त्यांना. आता बोला.

मग मी फ्लॅट नंबरचा रकाना उडवून नवी शीट पाठवली. रिकामी दिसेल ती ओळ भरा, नाव नको, नंबर नको. काकांना हात जोडून सांगितलं, काहीही ओढू नका. आणि स्वयंपाकघराचा रकाना भरू लागला. एक, एक, दोन, पुन्हा एक. बघून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

आमची ओळ मी सगळ्यात वर भरली होती. फाइल सॉफ्टवेअरला द्यायच्या आधी सहज बघितलं, तर लहान खोलीत दोनचा एक झालेला आणि स्वयंपाकघरात शून्याचा एक. आमची ओळ कुठली हे माझ्याशिवाय फक्त आईला माहीत होतं. आई मेथी निवडत बसली होती. मी फोन तिच्यासमोर धरला.

"इतकी वर्षं स्वतःची खोली मागतेयस," ती म्हणाली. "एक दार तरी तुझं असू दे."

मला तिचा भयंकर राग आला आणि रडूही आलं. भांडून बघितलं, पण ती कुठली ऐकतेय! शेवटी तो एक मी तसाच ठेवला आणि फाइल चालवली. स्वयंपाकघरं लालभडक आली, म्हणजे रात्री उकडणारी. आता आर्किटेक्टकडून खिडकी घेतेच. ती एकदा हातात पडू दे, मग आईचं अंथरूण कुठे पडतं ते बघते. मीही तिचीच मुलगी आहे.